पुस्तक रंगले, पण लक्षात काय राहिले?

लाखांदूर तालुक्यात रोवणीचे दिवस सुरू झाले की विहारातल्या अभ्यासिकेचे वेळापत्रक बदलते. दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून पऱ्हे लावणारी मुले-मुली रात्री जेवून साडेसात-आठच्या सुमारास वह्या घेऊन येतात. याच काळात वर्षावास असतो. मोठ्या सभागृहात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते आणि शेजारच्या खोलीत कुणी दहावीचे गणित सोडवत असते, तर कुणी भरतीची तयारी करत असते.

अशाच एका रात्री पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी माझ्यापुढे पुस्तक घेऊन बसली. मैदानी चाचणीत तिला चांगले गुण पडतात, लेखीत मात्र ती दोनदा थोडक्यात मागे राहिली. तिने सामान्य ज्ञानाचे पुस्तक उघडून दाखवले. पानामागून पान पिवळे होते. काही ओळींवर पिवळ्याच्या वर गुलाबी आणि गुलाबीच्या वर हिरवा रंग चढला होता. ती म्हणाली, “ताई, पुस्तक त पूर्ण रंगलं. मंग पेपरात आठवत काहून नाही?” आणि मी काही बोलण्याआधीच तिने स्वतः उत्तर देऊन टाकले, “माझं डोकंच कमी आहे.”

हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठी लिहिते आहे. तिचे डोके कमी नव्हते. तिला रंग कसा वापरायचा हे कुणी सांगितले नव्हते, एवढेच.

पद्धत हासुद्धा वारसा असतो

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात पिएर बोर्द्यू या फ्रेंच विचारवंताची ‘सांस्कृतिक भांडवल’ ही संकल्पना शिकवली जाते. घरातून मुलांना फक्त जमीन आणि पैसा मिळत नाही. बोलण्याची रीत, पुस्तके हाताळण्याची सवय, अभ्यास कसा करायचा याचे भानही मिळते. ज्या घरात आजोबा शिक्षक होते, आई पदवीधर आहे, त्या घरातले मूल टिपण काढायला वेगळे शिकत नाही. ते पाहून शिकते. शाळा ही शिदोरी प्रत्येकाजवळ आहे असे गृहीत धरते आणि ज्याच्याजवळ ती नाही त्याला ‘मंद’ ठरवते.

आपल्या वस्त्यांमध्ये आजही घरातून पदवीपर्यंत पोहोचणारी पहिलीच पिढी असलेली अनेक मुले आहेत. त्यांच्याजवळ जिद्द आहे, आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन आणलेली पुस्तके आहेत. पद्धत मात्र त्यांना वारशाने मिळालेली नाही. मग अपयश आले की दोष पद्धतीचा न राहता बुद्धीचा ठरतो. ज्या समाजाला शतकानुशतके ‘तुमच्यात विद्येची पात्रताच नाही’ असे सांगितले गेले, त्या समाजातील मुलीने स्वतःच्या तोंडाने “माझं डोकंच कमी” म्हणावे, ही साधी गोष्ट नाही. जुनी शिकवण आता आतून बोलते आहे. म्हणूनच अभ्यासाची पद्धत हा मला सामाजिक प्रश्न वाटतो. रंगांचा वापर हा त्या पद्धतीचा एक लहान भाग आहे, पण तो हाताशी आहे, स्वस्त आहे आणि तासाभरात शिकता येतो.

सगळेच पिवळे असेल तर काहीच पिवळे नाही

आधी हे समजून घेऊ की रंग नेमके काय काम करतो.

१९३३ साली हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ महिलेने स्मरणाविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्या गोष्टींच्या यादीत एखादी गोष्ट वेगळी असेल तर ती जास्त लक्षात राहते, असे त्यातून दिसले. रंगाची ताकद इथेच आहे. धानाच्या हिरव्या बांधीत लाल लुगडे नेसलेली बाई लांबूनही ओळखू येते. सगळ्याच बायका लाल लुगड्यात असतील तर आपली आई कोणती, हे जवळ जाऊन पाहावे लागते.

पानावरच्या तीस ओळींपैकी तीन ओळी रंगवल्या तर त्या तीन उठून दिसतात. पंचवीस रंगवल्या तर उरलेल्या पाच उठून दिसतात! रंग मोजका असला तरच तो काम करतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींची छाननी केली. आधी झालेले शेकडो प्रयोग त्यांनी तपासले. वाक्ये अधोरेखित करणे किंवा हायलाइटरने रंगवणे आणि तेच ते पुन्हा वाचणे, या दोन्ही सर्वांत लोकप्रिय पद्धतींना त्यांनी कमी उपयोगाच्या गटात ठेवले. सर्वांत उपयोगी ठरल्या त्या दोन पद्धती: स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा करणे.

याचा अर्थ रंग फेकून द्यावेत असा नाही. नुसते रंगवणे म्हणजे अभ्यास नव्हे, असा आहे. ओळीवरून हायलाइटर फिरवताना हात चालतो, डोळे चालतात, मन मात्र बाहेर राहू शकते. पान रंगले की काम झाल्यासारखे वाटते. त्या मुलीचे नेमके हेच झाले होते. तिने मेहनत भरपूर घेतली, पण ती मेहनत हाताची होती. ‘ही ओळ का रंगवायची?’ हा निर्णय घेण्याची मेहनत राहून गेली. रंगाचा खरा उपयोग त्या निर्णयात आहे.

बाबासाहेबांची लाल-निळी पेन्सिल

निर्णय घेऊन खूण कशी करायची, याचे उदाहरण आपल्याला दूर शोधायला नको. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात जतन केलेली आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेले हे महाविद्यालय. त्या पुस्तकांच्या पानांवर लाल आणि निळ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. कुठे ओळीखाली रेघ, कुठे समासात उभी रेघ. अभ्यासक आज त्या खुणांवरून बाबासाहेबांच्या विचारांचा प्रवास शोधतात.

यातील एक प्रवास प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावा. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिथे तत्त्वज्ञ जॉन ड्युई हे त्यांचे प्राध्यापक होते. ड्युईंचे लोकशाही आणि शिक्षणाविषयीचे प्रसिद्ध पुस्तक १९१६ साली निघाले. त्याच्या प्रतीवरही बाबासाहेबांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. पुढे १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी त्यांनी अध्यक्षीय भाषण लिहिले. मंडळाने परिषदच रद्द केली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. तेच ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’. त्यात ते ड्युई आपले गुरू होते हे कृतज्ञतेने सांगतात आणि त्या पुस्तकातील विचाराचा आधार घेतात.

१९१६ चे पुस्तक आणि १९३६ चे भाषण. मध्ये वीस वर्षे गेली. वाचलेले पुस्तक तिथेच थांबले नाही. खूण केलेला विचार स्वतःच्या युक्तिवादात, स्वतःच्या समाजाच्या प्रश्नावर वापरला गेला. खुणेचे काम तिथे पूर्ण झाले.

आपली परीक्षा तलाठ्याची असो वा बारावीची, कसोटी हीच आहे: मी जिथे रंग लावला, ते मला पुस्तक मिटल्यावर माझ्या शब्दांत सांगता येते का?

पाच रंग, पाच कामे

आता प्रत्यक्ष पद्धत. मुलांना रंगांचे अर्थ लक्षात राहत नाहीत. आज लाल म्हणजे महत्त्वाचे, उद्या लाल म्हणजे शीर्षक, परवा निळी शाई संपली म्हणून लाल. अर्थ बदलला की खूण मुकी होते. म्हणून आम्ही अभ्यासिकेत प्रत्येकाला पाठ असलेला एक क्रम घेतला: निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. विहारावर फडकणाऱ्या पंचशील ध्वजाचा. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत, कोलंबोमध्ये तयार झाला आणि पुढे जगभरच्या बौद्धांनी तो आपला मानला. ध्वजातील रंगांना धम्मात जो अर्थ आहे तो फार मोठा आहे. तो वहीत उतरवण्याचा हा प्रयत्न नाही. क्रम रोज डोळ्यांसमोर असतो म्हणून आठवायला सोपा, एवढाच त्याचा इथे उपयोग.

निळा: मूळ टिपण. आपण जे साध्या निळ्या पेनाने लिहितो ते. पण पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उतरवायचे नाही. परिच्छेद वाचा, पुस्तक उलटे ठेवा आणि समजले तेवढे आपल्या शब्दांत लिहा. अडले तर पुन्हा पाहा.

पिवळा: सार. लिहून झाल्यावर लगेच पिवळा लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी टिपण पुन्हा वाचताना लावायचा. पहिल्या वाचनात सगळेच महत्त्वाचे वाटते, कारण सगळेच नवे असते. एका परिच्छेदात एकच जागा पिवळी, तीही पूर्ण वाक्य नव्हे, चार-पाच शब्द.

लाल: चूक आणि गोंधळ. सराव परीक्षेत जे चुकले, ज्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात, ज्याची तारीख हमखास विसरते, ते लालने. लाल रंग ‘महत्त्वाचे’ यासाठी वापरू नका. महत्त्वाचे काय हे पुस्तकही सांगते. तुमचे काय चुकते हे मात्र फक्त तुमची वही सांगू शकते.

पांढरा: मोकळी जागा. पानाच्या डाव्या बाजूला तीन-चार बोटे जागा कोरी सोडायची. तिथे नंतर प्रश्न लिहायचे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी विद्यार्थ्यांसाठी टिपणांची जी पद्धत लोकप्रिय केली, तिच्यातही डावीकडे अशीच प्रश्नांची पट्टी असते. कागद वाया जातो म्हणून आपली मुले पान काठोकाठ भरतात. ती काटकसर महागात पडते. पाचही रंगांत सर्वांत उपयोगी हाच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

केशरी: दुवा. एका धड्यातील गोष्ट दुसऱ्या धड्याशी, बातमीशी, आपल्या गावाशी जोडली जात असेल तर ती बाजूला केशरी रंगाने. केशरी पेन सहज मिळत नसेल तर हिरवा घ्या, पण एकदा ठरला की तोच.

एवढे रंग परवडत नाहीत किंवा सांभाळता येत नाहीत, त्यांनी एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी असलेली एकच पेन्सिल घ्यावी. निळ्याने सार अधोरेखित करायचे, लालने चूक दाखवायची आणि समास कोरा ठेवायचा. एवढ्यातही सगळी पद्धत बसते. रंग जितके कमी तितका निर्णय स्पष्ट.

एक पान करून पाहू

संविधानातील समतेचा हक्क घेऊ. अनुच्छेद १४ ते १८. दहावीपासून राज्यसेवेपर्यंत सगळ्यांना लागणारा भाग.

निळ्या पेनाने टिपण असे होईल: १४, कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण. १५, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून राज्याने भेदभाव करायचा नाही. १६, सरकारी नोकरीत समान संधी. १७, अस्पृश्यता नष्ट. १८, किताब नष्ट.

दुसऱ्या दिवशी पिवळा. पाच अनुच्छेदांत पाच जागा: ‘कायद्यापुढे समान’, ‘भेदभावाला मनाई’, ‘नोकरीत संधी’, ‘अस्पृश्यता नष्ट’, ‘किताब नष्ट’. फक्त पिवळे वाचत गेले की पूर्ण हक्काचा सांगाडा दहा सेकंदांत डोळ्यांखालून जातो.

मग लाल. इथे मुले दोन ठिकाणी हमखास चुकतात. पहिले ठिकाण: १४ मधील संरक्षण ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहे, म्हणजे परदेशी माणसालाही. १५ आणि १६ मधील हक्क ‘नागरिकांना’ आहेत. दुसरे ठिकाण: १५(४) आणि १६(४). सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासवर्ग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उन्नतीसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा १५(४) देते. शिक्षणसंस्थांमधील प्रवेशाच्या राखीव जागा याच आधारावर उभ्या राहिल्या. १६(४) सरकारी नोकरीतील आरक्षणाविषयी आहे. १६(४) संविधानात पहिल्यापासून होते, १५(४) नंतर जोडले गेले. या दोन जोड्या लालने समोरासमोर लिहायच्या. बाकी काही लाल नाही.

केशरीने दुवे: १५(४) कसे आले? मद्रास प्रांतातील प्रवेशांच्या आरक्षणाविरुद्ध चंपकम दोराईराजन खटल्याचा निकाल १९५१ साली लागला आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली. १७ शी जोडलेले कायदे: १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा, जो पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. हे दुवे लावले की १७ हा नुसता आकडा राहत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या आयुष्याशी त्याचा संबंध काय, हे समजते. आणि समजलेले सहसा विसरत नाही.

शेवटी पांढऱ्या पट्टीत प्रश्न: ‘परदेशी नागरिकाला १४ लागू होते का?’ ‘१५(४) कोणत्या दुरुस्तीने?’ ‘नोकरीतील आरक्षणाचा आधार कोणता?’ ‘१७ ची अंमलबजावणी कोणत्या कायद्यांनी होते?’

पान तयार झाले. खरा अभ्यास आता सुरू होतो.

रंग झाकून आठवायचे

उजवीकडचा भाग कोऱ्या कागदाने झाका. फक्त डावीकडचे प्रश्न दिसू द्या. एकेक प्रश्न वाचून उत्तर मोठ्याने म्हणा किंवा लिहा. मग झाकलेले उघडून तपासा. चुकले तर तिथे लाल टिंब द्या.

हे करताना त्रास होतो. आठवत नाही म्हणून वैताग येतो आणि वाटते, त्यापेक्षा पुन्हा वाचलेले बरे. इथेच सावध राहा. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते. जे आज सोपे वाटते ते टिकत नाही आणि जे आज जड जाते ते टिकते.

म्हणून एकाच पानाकडे दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने परत या. दर वेळी फक्त लाल टिंबे असलेले प्रश्न आधी घ्या. सलग दोनदा बरोबर आले की टिंबाभोवती गोल करा. रोवणीच्या किंवा धानकापणीच्या हंगामात पूर्ण वही वाचायला वेळ नसतो. तेव्हा फक्त लाल वाचा. दिवसभर राबून आलेल्या मुलीला वीस मिनिटांत काय वाचायचे हे वहीने सांगितले पाहिजे. रंगांची मांडणी करायची ती याचसाठी.

काही व्यवहाराच्या गोष्टी

पुस्तक वाचनालयाचे किंवा मागून आणलेले असेल तर त्यात एकही खूण करू नका. ते उद्या दुसऱ्या मुलाच्या हातात जाणार आहे आणि तुमचा पिवळा त्याच्या डोळ्यांवर राज्य करणार आहे. पान क्रमांक लिहून टिपण आपल्या वहीत काढा.

आपल्याकडे एकाची वही दहा जणांत झेरॉक्स होऊन फिरते. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये पिवळा बहुतेक दिसेनासा होतो आणि लाल काळा होऊन जातो. म्हणून प्रत्येक रंगाला एक चिन्हही ठेवा: पिवळ्याला खाली रेघ, लालला फुली, केशरीला बाण. मग रंग गेला तरी अर्थ राहतो.

याच चिन्हांचा उपयोग रंग नीट ओळखू न येणाऱ्या मुलांनाही होतो. काहींना जन्मतः लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. मुलांमध्ये हे मुलींपेक्षा बरेच जास्त आढळते. अनेकदा घरी आणि शाळेत कुणाच्या लक्षातही येत नाही. एखादा मुलगा रंगांत वारंवार गोंधळत असेल तर त्याला हसू नका. डोळे तपासायला पाठवा आणि तोवर चिन्हांवर काम चालवा.

वीज गेल्यावर मोबाइलच्या टॉर्चवर किंवा मंद पिवळ्या दिव्याखाली अभ्यास करावा लागतो. तिथे पिवळा हायलाइटर कागदावर फिका पडतो. अशांनी पिवळ्याऐवजी निळ्या पेन्सिलीची रेघ वापरावी.

परीक्षेच्या खोलीत रंग येत नाहीत. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत निळी किंवा काळी शाईच चालते. भरतीच्या उत्तरपत्रिकेत सूचनेत दिलेले पेनच वापरायचे. म्हणून रंगीत उत्तरे लिहिण्याची सवय लावू नका. रंग वहीत राहू द्या, उत्तर डोक्यात.

आणि शेवटचे, नक्षीकाम टाळा. मोबाइलवर सुंदर वह्यांचे व्हिडिओ खूप दिसतात. चौकटी, फुले, सावली दिलेली शीर्षके. एका पानाला दोन तास लागत असतील तर तो चित्रकलेचा तास आहे. माझा साधा हिशेब असा: रंगवायला जितका वेळ लागला त्याच्या किमान तिप्पट वेळ झाकून आठवण्यात गेला पाहिजे.

विहारांनी काय करावे?

जयंतीला आणि महापरिनिर्वाण दिनाला हार-फुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणा, हे आवाहन आता महाराष्ट्रभर ओळखीचे झाले आहे. त्यातून जमा झालेल्या वह्या मुलांपर्यंत पोहोचतात, ही मोठी गोष्ट आहे. आता एक पाऊल पुढे टाकू. वहीबरोबर ती वापरायची रीतही देऊ.

यासाठी मोठा कार्यक्रम, पाहुणे, मंडप काही लागत नाही. वर्षावासातील एका रविवारी दोन तास पुरतात. गावातील नोकरीला लागलेल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने स्वतःची जुनी वही आणून दाखवावी. सगळ्यांनी एकच पान मिळून तयार करावे. अभ्यासिकेच्या भिंतीवर एक पाटी लावावी: कोणता रंग, कोणते चिन्ह, कशासाठी. सगळ्यांचे अर्थ एकच असले की वह्या एकमेकांना वाचता येतात. विरलीच्या मुलाची वही बारव्ह्याच्या मुलीला समजते. पुढच्या वर्षी नव्याने येणाऱ्या मुलाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ज्यांना घरातून पद्धतीचा वारसा मिळाला नाही, त्यांच्यासाठी विहाराने वारसा तयार करायचा, असे याचे साधे रूप आहे.

आयांनाही यात घ्या. ज्या मावशी सभागृहात ग्रंथवाचन ऐकतात, त्यांनी घरी गेल्यावर मुलाच्या वहीतील डावीकडचे प्रश्न विचारावेत. ज्यांना वाचता येते त्यांनी वाचून विचारावेत. ज्यांना येत नाही त्यांनी “आज लाल किती होते, त्यातले किती गेले?” एवढे तरी विचारावे. त्यासाठी अक्षर ओळखावे लागत नाही, रंग ओळखला तरी पुरतो.

त्या मुलीविषयी सांगून थांबते. तिने ते पिवळे पुस्तक बाजूला ठेवले आणि नवी वही सुरू केली. पहिल्या आठवड्यात तिच्या पानांवर लालच लाल होते आणि ती पुन्हा खचली. मी तिला म्हटले, लाल म्हणजे डोके कमी नव्हे, लाल म्हणजे पुढचा पत्ता. आता दर रविवारी ती मला गोल झालेली टिंबे मोजून दाखवते. परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, तिलाही नाही. पण परवा एक प्रश्न चुकला तेव्हा ती “माझं डोकंच कमी आहे” असे म्हणाली नाही. “हे लाल राहिलं,” म्हणाली आणि पेन उचलले.

जय भीम. नमो बुद्धाय.